लॉरीसाहेबांचे कुत्रे आणि आपली बायपीसी

‘नीटला येतं तेवढंच शिकवा, बाकी सगळा पोरांच्या आयुष्याशी खेळ आहे.’ हे म्हणणं हैदराबादेत आता कुणी दबक्या आवाजात मांडत नाही. कोठीतल्या पुस्तकांच्या दुकानांत, सुलतान बाजारातल्या आपल्या मराठी घरांत, कॉलेजच्या पालकसभेत ते छातीठोकपणे मांडलं जातं आणि समोरचे माना डोलावतात. इंटरला बायपीसी घेतलेल्या मुलामुलींना जीवशास्त्र कशासाठी शिकवायचं, असा प्रश्न कुणी काढलाच, तर तो बी.एड.च्या पाठटाचणातला समजून बाजूला सारतात. उद्दिष्ट एकच, रँक. साधन एकच, एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न ओळ. प्रॅक्टिकल म्हणजे रेकॉर्डबुक, आणि रेकॉर्डबुक म्हणजे गेल्या वर्षीच्या ताईच्या रेकॉर्डबुकाची नक्कल.

मला हे मुळीच मान्य नाही. पण खोडून काढायचं तर आधी त्यातलं बळ ओळखायला हवं, आणि बळ आहे. नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं. त्यातले ९० प्रश्न जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुणांचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. भौतिकशास्त्राच्या गणितांना वेळ उरावा म्हणून जीवशास्त्राचा एकेक प्रश्न अर्ध्या मिनिटात उडवायला शिकवतात. अर्ध्या मिनिटात माणूस विचार करत नाही, आठवतो. वीस लाखांवर मुलं बसतात आणि सरकारी फीची जागा हाती लागणारी त्यातली मूठभर. तेव्हा बडी चौडीतली आई ‘आमच्या मुलीला विचार नंतर शिकवा, आधी जागा मिळू द्या’ म्हणते, तेव्हा ती चुकत नाही. तिला हिशेब कळतो.

चुकतात ते तिच्या या नाइलाजाला शिक्षणशास्त्र म्हणून विकणारे. नाइलाज आहे असं म्हणा, ऐकून घेऊ. पण ‘जीवशास्त्र हा विषयच मुळी पाठांतराचा, त्यात विचाराला जागाच नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्यानं दुकानातून उठून उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत जावं. फार लांब नाही.

त्या कॉलेजचं मूळ म्हणजे १८४६ साली सुरू झालेलं हैदराबाद मेडिकल स्कूल. १८८५ पासून या स्कूलचे प्राचार्य होते एडवर्ड लॉरी. रेसिडेन्सी सर्जनही तेच. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या रूपाबाई फर्दुनजी याच काळात याच स्कूलमध्ये शिकल्या. लॉरी भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरत आणि त्यांचा त्यावर अढळ विश्वास होता. इंग्लंडात मात्र क्लोरोफॉर्मखाली माणसं दगावत होती. १८४८ च्या जानेवारीत हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना जागच्या जागी गेली, तेव्हापासून वाद पेटलेला होता. लंडनचे डॉक्टर म्हणत, क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडतो, नाडीवर बोट ठेवा. लॉरी ज्यांच्या हाताखाली तयार झाले ते एडिनबरोचे साइम म्हणत, श्वास बघत राहा, नाडीची काळजी नको.

हा वाद मिटवण्यासाठी १८८८ साली हैदराबादेत पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. कुत्र्यांना मरेपर्यंत क्लोरोफॉर्म दिला. प्रत्येक वेळी आधी श्वास थांबला, मग हृदय. लंडनचं वैद्यकीय नियतकालिक ‘लॅन्सेट’ म्हणालं, पटत नाही. तेव्हा निजामानं एक हजार पौंड दिले, लॅन्सेटनं लॉडर ब्रंटन यांना हैदराबादला धाडलं आणि १८८९ साली दुसरं कमिशन झालं. कुत्री, माकडं, शेळ्या, घोडे, मांजरं, ससे; चारशेवर प्राणी. रक्तदाबाचे आलेख काढले. निष्कर्ष तोच: आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. ब्रंटन शंका घेऊन आले होते, खात्री घेऊन परतले.

आणि तरीही माणसं दगावतच राहिली. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगातून कारण दाखवून दिलं. भूल पुरती चढलेली नसताना, शरीरात अ‍ॅड्रेनालिन उसळलेलं असेल तर क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरू लागतात आणि रक्त ढकलणं तिथल्या तिथे थांबतं. म्हणजे घाबरलेला रुग्ण, भूल नुकती लागतेय, आणि खेळ खलास. हैदराबादच्या कुत्र्यांना मात्र भरपूर क्लोरोफॉर्म देऊन गाढ भुलीत नेऊन मारलं होतं. त्या अवस्थेत श्वासच आधी थांबतो. लॉरींनी पाहिलं ते सगळं खरं होतं. प्रश्न मात्र त्यांनी भलताच विचारला होता. ‘जास्त डोस दिल्यावर आधी काय थांबतं’ याचं उत्तर त्यांनी पुन्हापुन्हा मिळवलं. ‘थोड्या डोसात माणूस अचानक का मरतो’ याच्या मुळाशी ते गेले नाहीत. आणि साइमांची शिकवण डोक्यात पक्की असल्यानं जावंसं वाटलंही नाही.

बारावीच्या प्रगत जीवशास्त्राचं उद्दिष्ट काय, या प्रश्नाला माझं उत्तर हे प्रकरण आहे. सतरा वर्षांच्या मुलीसमोर लॉरींचे आकडे ठेवायचे आणि विचारायचं: यातून काय सिद्ध होतं? काय सिद्ध होत नाही? प्राण्यांची संख्या चारशेची चार हजार केली असती तर निष्कर्ष जास्त खरा झाला असता का? तू काय बदललं असतंस? हे चार प्रश्न जिला नीट हाताळता आले, ती पुढे डॉक्टर झाल्यावर औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं टेबलावर ठेवलेला गुळगुळीत कागद वाचू शकेल. जिला फक्त ‘हृदयाचे कप्पे किती’ येतं, ती त्या कागदावर सही करेल.

यावर ठरलेला प्रतिवाद असा: ‘आधी माहिती, मग विचार. पाया भरल्याशिवाय मजला चढवता येतो का?’ ऐकायला बिनतोड. पण कोठीपासून आठ-दहा किलोमीटरवर, बेगमपेटला, याचं उत्तर १८९७ सालीच मिळालेलं आहे. तिथे रोनाल्ड रॉस डासांची पोटं फाडत बसले होते. १८९५ पासून त्यांना मलेरियाचा परजीवी डासात शोधायचा होता, आणि डासांविषयीचं त्यांचं ज्ञान बेताचंच होतं. जे डास ते तपासत होते ते बहुतेक भलत्याच जातींचे होते, आणि ज्या ठिपकेदार पंखांच्या डासानं शेवटी हात दिला, त्या जातीचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. आज ‘ॲनॉफिलिस’ हा बिट आपली अकरावीतली पोर झोपेतही सोडवील. रॉसना ती त्या बाबतीत सहज हरवेल.

मग रॉसना काय येत होतं? एक म्हणजे, मलेरियाच्या परजीवीतलं काळं रंगद्रव्य कसं दिसतं, हे त्यांनी रुग्णांच्या रक्तात बघून बघून डोळ्यात भरून घेतलं होतं. दुसरं म्हणजे, नसलेल्या गोष्टीची नोंद ठेवायची शिस्त. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला डास चावू देण्याबद्दल डासामागे एक आणा देऊन त्यांनी डास त्याच्या रक्तावर पोसले. २० ऑगस्टला त्यातल्या एकाच्या जठराच्या भिंतीत काही वेगळ्या पेशी दिसल्या आणि त्यात तेच काळं रंगद्रव्य. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास फाडला, तर त्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या. म्हणजे जे दिसतंय ते जिवंत आहे आणि वाढतंय. दोन दिवसांत दोन डास! लॉरींच्या चारशे प्राण्यांपुढे ठेवून बघा. तेव्हा माहिती लागते, यात वादच नाही. पण ती प्रश्नासाठी लागते, आणि कुठली लागेल हे प्रश्न ठरवतो. ‘आधी सगळी माहिती, मग विचार’ म्हणणाऱ्यांचं ‘मग’ कधी येतच नाही. इंटरमध्ये नीट असते, एमबीबीएसमध्ये पदव्युत्तर प्रवेशाची नीट असते.

मुलांच्या हाती आज काय असतं? नीटचा अभ्यासक्रम काढून बघा. घटक, उपघटक, नामांची यादी. पेशीची रचना, प्रकाशसंश्लेषण, उत्सर्जन, जैवतंत्रज्ञान. विद्यार्थ्यानं त्या पेशीचं काय करायचं हे त्यात कुठेही नाही. अमेरिकेत शाळेच्या वरच्या वर्गांसाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाचा कॉलेजच्या तोलाचा जीवशास्त्राचा अभ्यासक्रम असतो. त्याच्याही बाबतीत तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २००२ साली हेच सांगितलं होतं की हा नुसता पसारा आहे, खोली नाही. मग त्यांनी तो मोडून २०१२-१३ पासून नवा आणला. उत्क्रांती, ऊर्जा, माहितीचा साठा आणि तिचं वहन, आणि व्यवस्थांमधले परस्परसंबंध, या चार सूत्रांभोवती सगळा विषय गुंफला. आणि प्रत्येक ठिकाणी विद्यार्थ्यानं काय करून दाखवायचं ते लिहिलं: आकृतीवरून समजावून सांग, प्रयोगातला दोष दाखव, आकडे मांड, कसोटी लाव, दाव्याला पुरावा दे. शिकवण्याचा किमान पाव वेळ हातानं करायच्या प्रयोगांना. परीक्षेत साठ बहुपर्यायी प्रश्नांना नव्वद मिनिटं आणि सहा लेखी प्रश्नांना आणखी नव्वद मिनिटं. सूत्रं परीक्षेतच छापून देतात. सूत्र पाठ आहे का, हे त्यांना बघायचंच नाही.

आता लगेच ‘ही अमेरिकेची आरती कशाला’ असा आवाज येईल. आरती नाही. ती परीक्षा महाग आहे, ती घेणारी संस्था धंदा करते, आणि तिथलीही मुलं तिची गाईडं घोकतात. पण पाठांतरावर पोसलेली एक मोठी परीक्षा दहा वर्षांत वळवता येते, एवढं तरी त्यातून दिसतं. आपल्याकडे ‘हे शक्यच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी तेवढं पुरे.

आता एक उदाहरण आपल्या मातीतलं घेतो, कारण नुसत्या तत्त्वानं कुणाचं समाधान होत नाही. सिकलसेलविषयी आपल्या मुलाला काय विचारतात? ‘बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी कोणतं अमिनो आम्ल येतं?’ व्हॅलिन. चार गुण. हार्डी-वाइनबर्गविषयी काय विचारतात? समतोल बिघडवणारे पाच घटक. तेही येतात. हे दोन बिट पुस्तकातल्या दोन वेगळ्या प्रकरणांत राहतात आणि त्यांची कधी गाठ पडत नाही.

गाठ घालून बघू. समजा आदिलाबादकडच्या किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या समाजात शंभर जन्मांमागे एका बाळाला सिकलसेलचा आजार असतो. सूत्रानं त्या जनुकाचं प्रमाण येतं ०.१, आणि वाहक निघतात १८ टक्के. इथपर्यंत गणित. आता तपासणी पथक हायस्कुलात जातं, पंधरा वर्षांच्या मुलांचं रक्त तपासतं. आजारी मुलं शंभरात एक भरत नाहीत, वाहक मात्र अठराहून थोडे अधिकच निघतात. का? आजारी मुलं लहानपणीच गेली असतील. किंवा जिवंत आहेत, पण वारंवार दुखण्यानं शाळाच सुटली. किंवा मलेरियानं बिगर-वाहक मुलं जास्त नेली, कारण वाहकांना त्यापासून काही प्रमाणात संरक्षण असतं. तिन्ही उत्तरं संभवतात. मग त्यातलं कुठलं खरं, हे ठरवायला आणखी कुठली माहिती गोळा करशील? आणि आकडे उलटे आले, आजारी जास्त नि वाहक कमी, तर त्या समाजातल्या सोयरिकींविषयी काय शंका येईल?

हा प्रश्न अवघड आहे, पण अकरावी-बारावीच्या पुस्तकाबाहेरचं यात काहीही नाही. आणि हा कल्पनेतला खेळही नाही. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलनाचं लक्ष्य. ते आकडे वाचणारे डॉक्टर आज कुठल्या तरी वसतिगृहात व्हॅलिन घोकत बसले आहेत.

‘पण प्रयोगशाळा कुठून आणायच्या?’ हा प्रतिवाद प्रामाणिक आहे, त्यामुळे त्याला चिडून उत्तर देणार नाही. तीन मजली इमारतीत भाड्यानं चालणाऱ्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकं चार, तीही कपाटात. हे मी नाकारत नाही. पण कोठीला पावसाळ्यात घराघरावर कूलर असतात आणि कूलरमध्ये पाणी असतं. थोडं खाली गेलं की मुसी. प्लॅस्टिकचे पेले, पन्नास-शंभर रुपयांचं भिंग, एक वही. ॲनॉफिलिसच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहतात, क्युलेक्सच्या डोकं खाली करून तिरक्या लटकतात. डेंगूचा एडिस घरात साठवलेलं स्वच्छ पाणी पसंत करतो, क्युलेक्सला गटाराचं चालतं. हे सगळं पुस्तकात छापलेलं आहे. कोठीच्या मुलांनी आठवडाभर मोजून बघितलं तर कळेल की कुठल्या गल्लीत काय आहे, मोजताना आपण कुठे चुकतो, आणि एका कूलरवरून अख्ख्या सुलतान बाजाराविषयी बोलता येतं का. नगरपालिकेच्या फवारणीवाल्याशी ती मुलं भांडतील, तेही चांगलंच.

आणि प्रयोगशाळा नसली तरी आकडे असतातच. लॉरींचे आकडे वाचायला कुत्रा लागत नाही.

आणखी एक कुरापत आमच्या राज्याची खास. तेलंगणाच्या इंटरमध्ये जीवशास्त्र असा विषयच नाही. बॉटनी वेगळी, झूलॉजी वेगळी. साठ-साठ गुणांचे दोन पेपर, दोन पुस्तकं, बहुधा दोन शिक्षक. डीएनएपासून प्रथिन कसं बनतं हे बॉटनीच्या सरांकडे. माणसातला आनुवंशिक आजार झूलॉजीच्या मॅडमकडे. उत्क्रांती पुन्हा झूलॉजीत, जणू झाडं उत्क्रांत झालीच नाहीत. सगळ्या सजीवांना बांधणारं सूत्र शिकवणं हे ज्या विषयाचं पहिलं काम, त्याच्या आपण आधी दोन फाका केल्या, आणि मग मुलाला संबंध लागत नाही म्हणून त्यालाच मंद ठरवतो.

उत्क्रांतीवरून आठवलं. एनसीईआरटीनं ‘भार कमी’ करताना दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचं नुसतं ‘आनुवंशिकता’ राहिलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या पुढाकारानं अठराशेवर वैज्ञानिक-शिक्षकांनी विरोधाचं पत्र काढलं. समर्थकांचं म्हणणं होतं, बारावीत आहे की! आहे, पण बारावीत जीवशास्त्र घेणार कोण? एमपीसीची, सीईसीची मुलं दहावीनंतर या विषयाचं तोंड बघत नाहीत. आणि जी बघतात, त्यांनाही तो धागा मधूनच हातात येतो. बाकीची वगळलेली प्रकरणं एक वेळ समजू शकतो, करोनाच्या काळात मुलांचे हाल झालेच होते. पण भार कमी करताना खुंटीच काढून घेतली, तर वर टांगलेलं सगळं खाली येतं, आणि मग ते एकेक करून पाठ करावं लागतं. अर्थाचा आधार गेला की स्मरणावरचा बोजा वाढतो. भार कमी झाला तो छापखान्याचा.

पाठांतरवाल्यांचा शेवटचा बालेकिल्ला म्हणजे निःपक्षपातीपणा. ‘बहुपर्यायी प्रश्नात ओळख चालत नाही, वशिला चालत नाही, हस्ताक्षर बघत नाहीत. लेखी उत्तरं तपासायला लागलात की गरिबाचं पोर मेलं.’ यात तथ्य आहे, आणि खाजगी कॉलेजांतला जुना देणग्यांचा बाजार ज्यांनी बघितला त्यांना ते जास्त पटेल. संगणकानं तपासलेल्या पेपरानं काही दारं उघडली. पण ओळ न ओळ पाठ करून घेणारी निवासी कॉलेजं आणि त्यांची फी बघितली, की गरिबाच्या पोराचा कैवार थोडा संशयास्पद वाटू लागतो. पाठांतराला सराव लागतो, सरावाला टेस्ट सिरीज, टेस्ट सिरीजला पैसा.

आणि निःपक्षपातीपणाचं काय झालं, ते २०२४ साली देशानं बघितलं. नीटच्या भौतिकशास्त्राच्या भागात अणूंविषयी एक प्रश्न होता. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत एक वाक्य, नव्या आवृत्तीत तेच वाक्य जरा सुधारून. जुनं पुस्तक पाठ केलेल्यांचं एक उत्तर, नवं पाठ केलेल्यांचं दुसरं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं दोन्ही बरोबर धरली, आणि ७२० पैकी ७२० मिळवणाऱ्या ६७ जणांतले ४४ त्या एका सवलतीनं वर चढलेले निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं दिल्लीच्या आयआयटीतल्या तीन तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला, आणि शेवटी पूर्ण गुणांचे मानकरी १७ उरले. पेपरफुटीची बातमी मोठी होती, म्हणून हे मागे पडलं. मला मात्र यातच सगळं दिसतं. अणू स्थिर असतो का, हे अणूला न विचारता पुस्तकाच्या आवृत्तीला विचारायचं. आणि आवृत्त्या भांडल्या तर न्यायाधीशाला. कोठीच्या फुटपाथवर जुनं पुस्तक स्वस्तात घेणाऱ्या मुलाला या निःपक्षपाती परीक्षेनं बजावलं की बाबा रे, तुझं विज्ञान शिळं झालं, नवं घ्यायला हवं होतंस.

बहुपर्यायी प्रश्नही विचार करायला लावणारे काढता येतात, हे वेगळं सांगायला नको. ऑलिम्पियाडच्या परीक्षांत ते वर्षानुवर्षं निघतात. २००८ साली आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिम्पियाड मुंबईतच झालं होतं आणि त्यासाठी मुलं तयार करणारं होमी भाभा केंद्रही आपलंच. सीबीएसईनंदेखील २०२४-२५ पासून अकरावी-बारावीत निम्मे गुण क्षमता तपासणाऱ्या प्रश्नांना ठेवलेत. ते प्रश्न कितपत खरे नि कितपत रंगसफेदी, यावर मी दुसऱ्या वेळी भांडीन. पण दिशा कबूल झाली. मग अडलंय कुठे?

नीट बदलेल तेव्हा बदलेल, ते दिल्लीच्या हातात. पण तेलंगणाच्या इंटर बोर्डाच्या हातात बॉटनी आणि झूलॉजीच्या प्रॅक्टिकलचे तीस-तीस गुण आहेत. हे गुण आज काय मोजतात, ते सगळ्यांना माहीत आहे: बरणीतला नमुना ओळखा, स्लाइड ओळखा, रेकॉर्डबुकावर सही दाखवा. जवळजवळ सगळ्यांना जवळजवळ सगळे मिळतात, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. यातले दहा गुण काढून घ्यायला नीट आडवी येत नाही, अमेरिका लागत नाही, नवी इमारत लागत नाही. नामपल्लीच्या ऑफिसातून एक परिपत्रक पुरे. दहा गुणांना एक पान: एका प्रयोगाची हकीकत आणि त्याचे आकडे, मुलानं आधी कधीही न पाहिलेले. पुस्तक उघडं ठेवायची परवानगी. तीन प्रश्न: यातून काय निघतं, काय निघत नाही, पुढे काय करून बघशील? तेलुगू, उर्दू, इंग्रजी, ज्या भाषेत मुलाला जमेल त्यात लिहू द्या. तपासणाऱ्यांसाठी नमुना उत्तरं तयार करा, एकच पेपर दोघांकडून तपासून घ्या, तफावत किती येते ते जाहीर करा.

पहिल्या वर्षी गोंधळ होईल. शिक्षक म्हणतील आम्हाला कुणी शिकवलं नाही, आणि ते खरंच असेल. त्यांच्यासाठी उन्हाळ्यात पंधरा दिवसांचा वर्ग घ्यावा लागेल, आणि त्याचं मानधन वेळेवर द्यावं लागेल. पालक म्हणतील हे पोर्शनमध्ये नाही. आणि महिन्याभरात बाजारात ‘न पाहिलेले प्रयोग : दोनशे सोडवलेले नमुने’ असं जाडजूड गाईड येईल. येऊ द्यावं. मुलं ते घेतील आणि त्यातले दोनशे प्रयोग वाचतील. परीक्षेला दोनशे एकावा येईल.